घरी आणल्यावर पुढे काय? नवरा किंवा बायको शेवटच्या टप्प्यात असताना

"आता घरी घेऊन जा, खावंसं वाटेल ते द्या," असं डॉक्टर म्हणतात तेव्हा त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो, पण पुढे रोज उठून करायचं काय ते कोणी सांगत नाही. डिस्चार्ज कार्डावर औषधांची यादी असते, पुढच्या व्हिजिटची तारीखसुद्धा टाकलेली असते (का टाकतात देव जाणे), आणि आपण पुण्यात अँब्युलन्स करून पेशंटला कोथरूडला नाहीतर हडपसरला घरी आणतो, बेडवर झोपवतो, शेजारी खुर्ची टाकतो आणि मग घरातले सगळे एकमेकांकडे बघत बसतात. माझी बायको कॅन्सरने घरीच गेली, कर्वेनगरला. तेव्हापासून ओळखीत कोणाचं असं झालं की मला फोन येतो आणि प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाचं लिहून काढतोय. मी डॉक्टर नाही, बँकेतून रिटायर झालेला माणूस आहे, त्यामुळे डोसबिस तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. माझं म्हणणं इतकंच की शरीरात काय चाललंय हे आधी माहीत असलं की बरीचशी घाबरगुंडी वाचते, आणि तो वाचलेला वेळ नवरा-बायकोला एकमेकांसाठी मिळतो.

पहिला वाद जेवणावरून होतो, हमखास. आपल्याकडे प्रेम म्हणजे ताटात वाढणं, त्यामुळे पेशंटने तोंड फिरवलं की घरातल्यांच्या पोटात गोळा येतो. मग "दोन घास खा गं माझ्यासाठी", मग मिक्सरमधून काढलेली पेज, मग ते हजार रुपयांचे प्रोटीनचे डबे. आता हे नीट समजून घ्या. आजार शेवटच्या टप्प्यात गेला की शरीर अन्न वापरूच शकत नाही, आतडी मंदावतात, भूक लागायचीच बंद होते. खात नाही म्हणून माणूस जात नसतो, जायला निघालेला असतो म्हणून खात नसतो. आपल्याला उपाशी राहिल्यावर जे होतं ते त्यांना होत नाही. उलट बळजबरीने भरवलं तर गिळण्याची ताकद कमी झालेली असल्याने घास श्वासनलिकेत जातो, ठसका लागतो, न्यूमोनिया होतो, किंवा उलटी होऊन पेशंट अजून थकतो.

सलाईनचंही तेच. "निदान एक बाटली तरी लावा" म्हणणारा एक काका प्रत्येक घरात असतो. हृदय आणि किडन्या थकलेल्या असताना बाटलीतलं पाणी जाणार कुठे, ते पायावर सूज म्हणून येतं आणि फुप्फुसात साचतं, म्हणजे आपण हौसेने श्वासाचा त्रास वाढवतो. कधीकधी डॉक्टर एखाद्या कारणासाठी देतात, ते वेगळं, पण "काहीतरी चालू असावं" म्हणून लावू नका. तोंड कोरडं पडतं त्याचा मात्र खरंच त्रास होतो आणि तिथे करण्यासारखं भरपूर आहे. बर्फाचा छोटा खडा, ओल्या गॉझने जीभ आणि हिरड्या पुसणं, ओठांना व्हॅसलीन नाहीतर साजूक तूप, दर तासा-दोन तासांनी. आमच्या हिला चहाचं वेड, सकाळचा आलं घातलेला चहा झाल्याशिवाय ती कोणाशी बोलायची नाही. गिळणं बंद झाल्यावर मी कपात कापसाचा बोळा बुडवून, दाबून निथळून घ्यायचो आणि तो जिभेवरून फिरवायचो. एकदा डोळे मिटलेलेच आणि म्हणते, "साखर कमी आहे."

पाणी पाजण्यावरून आठवलं, गंगाजल आणि तुळशीचं पान. करा, ज्यांना करायचं त्यांनी जरूर करा, पण ओठांवर दोन थेंब लावा, चमचाभर ओतू नका. बेशुद्ध माणसाच्या घशात पाणी ओतलं की त्याचा शेवट ठसक्यात होतो. आणि काही घरांत शेवटच्या क्षणी जमिनीवर घ्यायची पद्धत असते, तिचं काय करायचं ते आधीच शांतपणे ठरवून टाका, कारण हाडात कॅन्सर पसरलेल्या माणसाला चौघांनी धरून उचलणं म्हणजे काय वेदना असतील विचार करा.

मग झोप वाढते. दिवसातले वीस-वीस तास झोप, हाक मारली तर डोळे उघडतात आणि परत मिटतात. लघवी कमी होते, गडद होते. हातपाय गार पडतात, शेवटी शेवटी गुडघ्यांवर आणि तळपायांवर निळसर जांभळे डाग दिसायला लागतात, कारण रक्त आता महत्त्वाच्या अवयवांकडे वळलेलं असतं. हे डाग दिसले की बहुतेक वेळा काही तासांचा नाहीतर एखाद-दोन दिवसांचा प्रश्न असतो, तेव्हा बंगलोरच्या मुलाला फोन करायचा असेल तर आता करा. पांघरूण हलकं घाला, गरम पाण्याच्या पिशव्या लावू नका, कातडी नाजूक झालेली असते आणि भाजलं तरी त्यांना सांगता येत नाही.

यात मध्येच एक दिवस असा येतो, सगळ्यांनाच येतो असं नाही, की माणूस अचानक टवटवीत. उठून बसतो, पिठलं-भात मागतो, नातवाला ओळखतो, जुनी थट्टा करतो. घरात आनंदीआनंद, कोणीतरी लगेच म्हणतं की अमक्याच्या काढ्याचा गुण आला. हे असं होतं हे डॉक्टरांना माहीत आहे, का होतं ते कोणालाच नीट उलगडलेलं नाही, आणि ते टिकत नाही. त्या दिवशी नवीन टेस्ट करायला लॅबवाल्याला बोलावू नका, पिठलं करा आणि शेजारी बसा.

काहींना उलट बेचैनी येते. चादर ओढतात, कपडे काढू बघतात, उठायला बघतात, रात्री जास्त. इथे एक गोष्ट पाठ करून ठेवा, बेचैनी दिसली की आधी लघवी तुंबलीय का आणि पोट साफ होऊन किती दिवस झाले ते बघायचं, कारण बऱ्याचदा कारण इतकं साधं असतं, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातला की पेशंट शांत झोपतो. वेदना आहे का, ताप आहे का, औषधाचा परिणाम आहे का हे डॉक्टर बघतील, आणि काहीच सापडलं नाही तरी शांत करणारी औषधं असतात, त्यामुळे "असंच चालायचं" म्हणून सोडून देऊ नका. आणि प्रवासाच्या गोष्टी निघतात. "बॅग भरली का", "घरी जायचंय", घरात बसलेले असताना. गेलेली माणसं दिसतात, आई, आजी, लहानपणी गेलेला भाऊ. घाबरायचं काही नाही, आणि दुरुस्ती तर अजिबात करायची नाही. माझ्या बायकोने रात्री विचारलं, "अहो, बॅग भरलीत का?" मी म्हटलं, "भरली की. साडी कुठली ठेवू?" तर म्हणाली, "इस्त्रीवाल्याकडची आणा आधी." भिंतीकडे बघून कोणाशीतरी बोलत असतील आणि चेहरा शांत असेल तर बोलू द्या. चेहऱ्यावर भीती दिसली तर मात्र लाइट लावा, हात धरा, आपलं नाव सांगा, आणि सकाळी डॉक्टरांच्या कानावर घाला.

श्वासाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण घरातले लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते इथे आणि इथेच अँब्युलन्सला फोन जातो. शेवटच्या दिवसांत श्वासाची लय बदलते. भराभर चार-सहा श्वास, मग हळूहळू उथळ होत जातात, मग थांबतात, आपण मनातल्या मनात मोजायला लागतो, दहा, वीस, कधी तीस सेकंद, आणि मग एक मोठा श्वास घेऊन परत सुरू. मेंदूतलं श्वासाचं नियंत्रण ढिलं झाल्यामुळे असं होतं. मग घशातून घरघर येते. उसाच्या रसाचा ग्लास संपत आला की स्ट्रॉमधून जसा आवाज येतो ना, साधारण तसा. कारण सोपं आहे, आपण दिवसभर नकळत लाळ गिळत असतो, त्यांचं गिळणं बंद झालेलं असतं, ती थोडीशी लाळ घशात साचते आणि हवा तिच्यातून ये-जा करते. ऐकणाऱ्याला वाटतं माणूस बुडतोय, पण तोपर्यंत पेशंट बहुधा इतका खोल गुंगीत असतो की त्याला त्याचा त्रास होत नसतो. कुशीवर वळवा, डोकं थोडं उंच करा, बऱ्याच वेळा आवाज तेवढ्यानेच कमी होतो. लाळ कमी करणारी इंजेक्शनं असतात. मशीन लावून घशात खोलवरून लाळ ओढून काढायचा (सक्शनचा) आग्रह धरू नका, त्याने घसा सोलवटतो आणि लाळ परत साचतेच.

जागेपणी दम लागत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे त्रास खरा असतो. पाठीला बॅकरेस्ट किंवा उशा लावून अर्धवट बसतं करा, खिडकी उघडा, आणि छोटा टेबल फॅन चेहऱ्यावर सोडा. गालावर आणि नाकाशी गार वारा लागला की मेंदूला दम कमी लागल्याची जाणीव होते, हे तपासून सिद्ध झालेलं आहे, घरगुती समजूत नाही. रक्तातला ऑक्सिजन मुळात कमी झालेला नसेल तर नाकातल्या नळीचा साध्या वाऱ्याहून फार जास्त फायदा होत नाही. आणि ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर, एका ठरावीक टप्प्यानंतर सरळ ड्रॉवरमध्ये टाका. अख्खं घर पेशंटकडे बघायचं सोडून त्या आकड्याकडे बघत बसतं.

आता मॉर्फीन. नाव काढलं की लोकांचा चेहरा बदलतो, "म्हणजे आता संपलंच का", "सवय लागेल", "श्वास बंद पडेल". एकेक घेऊ. तीव्र वेदना आणि दम लागणं या दोन्हींवर मॉर्फीन हे नीट माहिती असलेलं, स्वस्त औषध आहे. वेदनेच्या मापाने कमी डोसपासून हळूहळू वाढवत नेलं तर त्याने श्वास बंद पडत नाही आणि मृत्यू लवकर येत नाही. वेदनेसाठी घेणाऱ्याला व्यसन लागण्याची भीती या टप्प्यावर गैरलागू आहे, हो, शरीराला सवय होते म्हणून ते एकदम बंद करायचं नसतं, एवढं लक्षात ठेवा. सुरुवातीचे दोन-तीन दिवस झोप येते, मळमळतं, मग कमी होतं. बद्धकोष्ठ मात्र होतंच आणि ते जात नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून सोबत हवं, डॉक्टर लिहायचे विसरले तर तुम्ही विचारा. साधी गोळी साधारण चार तास टिकते, त्यामुळे ती घड्याळाप्रमाणे द्यायची, दुखायला लागल्यावर शोधाशोध करायची नाही. आणि बारा तास टिकणारी गोळी दिली असेल तर ती कुटून पाण्यात कालवायची नाही, अख्खा डोस एकदम अंगात जातो.

हे औषध कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये मिळत नाही, त्याला कारण आहे. १९८५ साली अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा आला, त्यात मॉर्फीनसाठी इतके परवाने लागायला लागले की बहुतेक हॉस्पिटलांनी ते ठेवणंच सोडून दिलं आणि डॉक्टरांच्या पुढच्या पिढ्या ते न वापरताच शिकल्या. २०१४ मध्ये कायदा बदलला, परवान्यांची भानगड कमी झाली, पण भीती अजून पुरती गेलेली नाही. अजूनही मान्यता असलेल्या संस्थेतूनच ते मिळतं. म्हणून पॅलिएटिव्ह केअरवाल्यांना, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या डॉक्टर-नर्सना, लवकर गाठा, शेवटच्या आठवड्यात नको, आजार बरा होणार नाही असं कळलं की तेव्हाच. पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर १९९७ पासून आहे, कॅन्सर पेशंटसाठी, पैसे घेत नाहीत, आणि पेशंटबरोबर घरच्या माणसालाही राहता येतं. तिथे नाव घातलं म्हणजे माणूस लगेच मरणार असा एक समज आहे, काहीतरीच. लोक दुखणं आटोक्यात आणून परत घरी येतात.

वेदना मोजायला डॉक्टर विचारतात, शून्य ते दहामध्ये किती? आपल्या पिढीच्या लोकांना ते जमत नाही, "दुखतंय हो" एवढंच येतं. आमच्याकडे आण्यांवर चालायचं. "आज रुपयात किती?" "बारा आणे." गोळीनंतर तासाभराने परत, "चार आणे राहिलंय." मी जन्मभर लेजर लिहिलेला माणूस, एका वहीत वेळ, गोळी, आणे, लघवी, शौचास झाली का, सगळं मांडायचो, आणि डॉक्टर घरी आले की आधी वही बघायचे. ज्यांना बोलता येत नाही त्यांचं कपाळावरच्या आठ्यांवरून, कूस बदलताना कण्हण्यावरून ओळखायचं. काही दुखणं गोळीने हलत नाही, तेव्हा ते नुसतं शरीराचं नसतं. लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारी संस्था, काढणाऱ्या सिसिली साँडर्स बाई हेच सांगायच्या, की वेदनेत पैशांची काळजी, घरातलं भांडण, देवावरचा राग सगळं मिसळलेलं असतं. त्या आधी नर्स, मग सोशल वर्कर आणि मग डॉक्टर झाल्या, त्यामुळे त्यांना ते दिसलं असावं.

म्हणजे बोलण्याचा विषय आला, आणि हा सगळ्यात अवघड. आपल्याकडे मुलं डॉक्टरांना केबिनबाहेर गाठतात, "आईला काही सांगू नका." आईला तोवर कळलेलं असतं, स्वतःचं शरीर आहे ते. मग ती मुलांना वाईट वाटू नये म्हणून नाटक करते, मुलं तिला वाईट वाटू नये म्हणून, आणि नवरा मध्ये उभा राहून दोन्हीकडे हो हो करतो. चाळीस वर्षं एका छताखाली काढलेली दोन माणसं शेवटचा महिना एकमेकांपासून लपवण्यात घालवतात, मला हे बघवत नाही. सगळं खडाखडा सांगून टाका असं मी म्हणत नाही. नुसतं विचारा, "तुला काय वाटतंय?" आणि मग गप्प बसा. समोरून "मी काही आता यातून उठत नाही" असं आलं की आपल्या तोंडात तयारच असतं, "काहीतरीच काय बोलतेस!" तेवढं गिळा. त्याऐवजी "भीती कशाची वाटतेय?" असं विचारा. उत्तर बहुतेक वेळा दुखण्याचं असतं, किंवा "तुमचं कसं होणार" हे असतं. दुखण्यावर इलाज आहे हे सांगता येतं. दुसऱ्यावर मला काही सांगता येईना, तर तीच म्हणाली वही काढा, आणि गॅसचं पुस्तक कुठे, कामवाल्या मावशींची उचल किती, लोणच्याला मीठ किती, आणि कुठली साडी कोणाला, सगळं लिहून घेतलं. "पैठणी धाकटीला. पण मी सांगितलं म्हणून सांगू नका, तुमच्या मनाने दिली म्हणा." तिच्या माहेरच्यांना हे फार अभद्र वाटलं. त्या दुपारी आम्ही दोघं जितकं हसलो तितकं त्याआधी कित्येक महिन्यांत हसलो नव्हतो.

शुद्ध गेल्यावरही बोलत राहा. ऐकू येणं बऱ्याच उशिरापर्यंत टिकत असावं असं मेंदूच्या तपासण्यांवरूनही दिसतं. म्हणून खोलीत काय बोलायचं नाही हे पण कळायला हवं, इस्टेटीचा विषय, "किती वेळ काढणार हे" वगैरे बाहेर जिन्यात.

आणि स्पर्श. याबद्दल आपल्याकडे कोणीच बोलत नाही, मी बोलतो. भाड्याने हॉस्पिटलचा बेड आणतात, तो एकट्याचा असतो, त्यावर आलटूनपालटून हवा भरणारी एअरबेडची गादी, ती हवीच, दोन-दोन तासांनी कूस बदलणंही हवंच, नाहीतर पाठीला बेडसोअर होतात. पण त्या नादात नवरा दुसऱ्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपायला लागतो आणि ब्यूरोकडून पेशंट सांभाळायला ठेवलेल्या मावशी बायकोशेजारी. दिवाण उचलून त्या बेडला लावा, उंची सारखी करा, रात्री हात पोचला पाहिजे. दिवसातून एकदा खोलीचं दार लावून घ्या. सून काय म्हणेल, पाहुणे काय म्हणतील, म्हणू देत. ज्यांना परवडतं त्यांनी डायपर, स्पंजिंग ही कामं मावशींकडे द्यावीत असं माझं मत आहे, कारण दिवसभर नर्सचं काम करून दमलेला माणूस नवरा म्हणून शिल्लक राहत नाही. काहींना ते स्वतः करण्यातच समाधान असतं आणि पेशंटलाही परक्याचा हात नको असतो, तेही बरोबर. विचारून ठरवा.

भेटायला येणारे हा वेगळाच आजार. येतात, बेडच्या पायथ्याशी उभे राहतात, "किती वाळली" म्हणतात, मग आपल्या चुलत भावाच्या कॅन्सरची गोष्ट सांगतात. आम्ही शेवटी दारावर पाटी लावली, भेटण्याची वेळ ५ ते ६, पेशंटसमोर सल्ले देऊ नयेत, चहा मिळणार नाही. शेजारच्या वहिनी मात्र रोज डबा ठेवून बेल न वाजवता जायच्या. मदत करायची असेल तर अशी करा.

आता कायद्याचं थोडक्यात, कारण नेमकं मध्यरात्री हे लागतं. बरा न होणारा आजार असेल तर व्हेंटिलेटर नको, छाती दाबणं नको, असं म्हणण्याचा हक्क माणसाला आहे. ९ मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टाने सन्मानाने मरणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या हक्काचाच भाग मानला आणि लिव्हिंग विलला, म्हणजे असे उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली, पण तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची त्यामुळे कोणी करेना. जानेवारी २०२३ मध्ये ते सोपं केलं, आता दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसरचा शिक्का पुरतो. त्यात आपल्या वतीने निर्णय कोणी घ्यायचा त्या जवळच्या माणसांची नावं घालायची. शुद्धीवर असतानाच करता येतं, म्हणून पुढे ढकलू नका, आणि खरं तर धडधाकट नवरा-बायकोनेही करून ठेवावं. इंजेक्शन देऊन मरण आणणं हे वेगळं, त्याला आपल्याकडे परवानगी नाही, दोन्हींची गल्लत करू नका. व्यवहारात मुद्दा असा की एकदा घाबरून १०८ ला फोन लावला की ते त्यांचं काम करणारच, छाती दाबणार, हॉस्पिटलला नेणार, तिथे आयसीयू लागणार, आणि शरीर मुळातच संपत आलेलं असताना त्यातून हाती काही लागत नाही. म्हणून रात्री काही झालं तर कोणाला फोन करायचा, कोणाला नाही, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावा. ज्या मुलाचं यावर एकमत नाही त्याच्याशी आधी बोला, तोच ऐनवेळी फोन लावतो.

ज्या क्षणाची सगळे वाट बघत असतात तो फार वेळा तुम्ही चहा टाकायला उठलात की येतो. इतक्या घरांतून मी हे ऐकलंय की आता नवल वाटत नाही. रात्रभर हात धरून बसलेला माणूस पाच मिनिटं बाथरूमला जातो आणि तेवढ्यात. त्याचा दोष लावून घेऊ नका.

श्वास थांबला की घाई काहीच नाही. बसा. डोळे मिटवा, हनुवटीखाली छोटा टॉवेल गुंडाळून ठेवा. नेत्रदान करायचं असेल तर मात्र सहा तासांच्या आत, पंखा बंद, डोळ्यांवर ओला कापूस, डोक्याखाली उशी, आणि आयबँकेला फोन. बऱ्याचशा कॅन्सरमध्येही चालतं, रक्ताच्या कॅन्सरमध्ये नाही. मग डॉक्टर. घरी मृत्यू झाला तर कारणासह दाखला लागतो, फॉर्म ४ अ म्हणतात त्याला, आणि पेशंटला कधी न बघितलेला डॉक्टर तो देणार नाही, देऊही नये. म्हणून फॅमिली डॉक्टरांना आधीच सांगून ठेवायचं की असं असं आहे, रात्री याल का, नसाल तर कोण. दाखला नसेल तर स्मशानभूमीचा पास मिळत नाही, प्रकरण पोलीस आणि ससून हॉस्पिटलच्या पोस्टमॉर्टेमपर्यंत जाऊ शकतं, आणि ते सगळं एका फोनने टळतं. पास हातात आला की वैकुंठ नाहीतर जवळची कुठली असेल ती. महापालिकेत मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत झालेली आहे ना ते बघा, आणि दाखल्याच्या प्रती भरपूर घ्या.

बँकवाला म्हणून एक जाता जाता, मुखत्यारपत्र माणूस गेल्याक्षणी संपतं आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. खातं जिवंतपणीच दोघांच्या नावावर, दोघांपैकी कोणीही चालवू शकेल असं करून ठेवा. बायकोचं कार्ड घेऊन तेराव्याच्या खर्चाला एटीएमवर जाणारे मी काउंटरपलीकडून बरेच बघितलेत, पुढे त्याचा त्रास होतो.

भाड्याचा बेड, गादी, ऑक्सिजनचं मशीन (कॉन्सन्ट्रेटर) परत करताना डिपॉझिटची पावती लागते, ती औषधांच्या फाइलमध्येच ठेवा, नाहीतर सापडत नाही. उरलेल्या साध्या गोळ्या, डायपरची न फोडलेली पाकिटं पॅलिएटिव्हवाल्यांना विचारून द्या, कोणाच्या तरी उपयोगी पडतात. मॉर्फीनच्या उरलेल्या गोळ्या मात्र मोजून, जिथून आणल्या तिथेच परत द्यायच्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचे गुडघे कितीही दुखत असले तरी त्यांना द्यायच्या नाहीत, ते मागतात.